प्रॉक्सीचा पडदा, नोंदवहीचा प्रश्न

इंटरनेटवर वावरताना ओळख झाकण्यासाठी प्रॉक्सी सर्व्हर आणि व्हीपीएन यांचा आधार घेतला जातो. मात्र या पडद्यामुळे नोंदी नाहीशा होत नाहीत. नोंदवही एका हातातून दुसऱ्या हातात जाते. तो दुसरा हात कोणाचा आणि त्यावर अंकुश कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

महाविद्यालयाची पायरी चढलेल्या कोणालाही ‘प्रॉक्सी’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गैरहजर मित्राचा क्रमांक पुकारला गेला की मागच्या बाकावरून कोणी तरी ‘येस सर’ म्हणतो आणि प्राध्यापकांच्या वहीत तो मित्र हजर ठरतो. इंटरनेटवरील प्रॉक्सी सर्व्हरचे कामही याच जातीचे आहे. वापरकर्त्याला हवे असलेले पान प्रॉक्सी स्वतःच्या नावाने मागवतो आणि ते त्याच्याकडे पोहोचते करतो. संकेतस्थळाच्या वहीत प्रॉक्सीचा आयपी पत्ता नोंदला जातो. मागणी मुळात कोणाची होती, हे तेथे कळत नाही. परंतु ज्याने हजेरी दिली त्या मित्राला सारे ठाऊक असते. कोण गैरहजर होता, किती दिवस आणि कशासाठी, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणालाच माहीत नसते. प्रॉक्सीच्या गुणगानात हीच बाजू बहुधा विसरली जाते.

पत्ता एकाचा, शिक्षा दुसऱ्याला

आयपी पत्ता झाकावा असे एखाद्या सभ्य नागरिकाला का वाटावे, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ज्याने काही गैर केलेले नाही त्याला लपवण्यासारखे काय आहे, हा त्यामागचा युक्तिवाद. महाराष्ट्राने या युक्तिवादाची दोन उत्तरे जवळून पाहिली आहेत.

२००७ साली ‘ऑर्कुट’ या त्या काळच्या लोकप्रिय संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर टाकला गेला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याचा माग काढत बंगळुरूमधील एका तरुण संगणक अभियंत्याला ऑगस्टअखेर अटक केली. संबंधित वेळी तो पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याची इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने दिलेली माहितीच चुकीची होती. हे उघड होऊन त्याची सुटका होईपर्यंत या निरपराध तरुणाला सुमारे ५० दिवस तुरुंगात काढावे लागले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडली.

पुढच्याच वर्षी, २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरापर्यंत पोहोचला. त्याच्या घरातील वाय-फाय जोडणी पुरेशी सुरक्षित नव्हती आणि ती भलत्यानेच वापरली होती, असे तपासात निष्पन्न झाले. पहिल्या प्रकरणात नोंद चुकली होती. दुसऱ्यात नोंद बरोबर असूनही माणूस चुकीचा निघाला. आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हा धडा या दोन्ही घटनांनी दिला. आता मोबाइलवरील इंटरनेटमध्ये अनेक ग्राहक एकाच वेळी एकच सार्वजनिक आयपी पत्ता वापरत असतात. तेव्हा नेमकी वेळ आणि अन्य तांत्रिक तपशील हाती नसतील, तर तो पत्ता एखाद्या चाळीच्या सामाईक दरवाजापेक्षा अधिक काही सांगत नाही.

दुसरीकडे, याच पत्त्याच्या आधारे सेवा पुरवठादार कंपनीला आपला ग्राहक कोणत्या संकेतस्थळांवर गेला, हे बव्हंशी कळते. आजाराची माहिती शोधणारा रुग्ण, नोकरी बदलण्याच्या विचारात असलेला कर्मचारी, छळाविरुद्ध वकिलाचा सल्ला शोधणारी विवाहिता यांपैकी कोणीही गुन्हेगार नाही. तरीही आपला माग राहू नये, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, ते अशाच साध्या माणसांसाठी.

पहारेकऱ्याचा झाला पडदा

गंमत अशी, की प्रॉक्सी सर्व्हरचा जन्म खासगीपणासाठी झालाच नव्हता. ज्या ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेत वेबची निर्मिती झाली, तेथेच १९९४च्या सुमारास वेब प्रॉक्सीची कल्पनाही आकाराला आली. संस्थेच्या सुरक्षा-भिंतीआड असलेल्या संगणकांना बाहेरच्या जगाशी बोलता यावे आणि एकदा आणलेले पान साठवून ठेवून पुन्हा वापरता यावे, हे तिचे उद्देश होते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्यानंतरच्या मंदगती जोडण्यांच्या काळात अनेक कार्यालयांनी व महाविद्यालयांनी प्रॉक्सीचा आधार घेतला, तो याच काटकसरीसाठी. एकच जोडणी, तिच्यामागे रांगेने लावलेले संगणक आणि मध्ये उभा असलेला प्रॉक्सी, असे ते चित्र होते.

तो केवळ द्वारपाल नव्हता. त्याच्या हाती नोंदवहीही होती. कोणत्या संगणकावरून किती वाजता कोणते संकेतस्थळ उघडले, हे तो लिहून ठेवी आणि नको ती संकेतस्थळे अडवी. भारतीय कायद्यानेही प्रॉक्सीकडे याच नजरेने पाहिले. सायबर कॅफेंसाठी २०११ साली केलेल्या नियमांनी ग्राहकाची ओळख तपासणे बंधनकारक केलेच. शिवाय पाहिलेल्या संकेतस्थळांचा इतिहास आणि कॅफेतील प्रॉक्सी सर्व्हरच्या नोंदी किमान एक वर्ष जपून ठेवण्याची सक्तीही केली. ज्या यंत्राला लोक पडदा समजतात, ते या नियमांच्या दृष्टीने पाळतीचे साधन होते.

दोन्ही समजुती खऱ्या आहेत. यंत्र एकच असते. ते कोणाच्या मालकीचे आहे, यावर त्याचा स्वभाव ठरतो. मालक कार्यालय असेल तर ते कार्यालयाचे डोळे बनते, मालक बाहेरचा असेल तर कार्यालयापासून आडोसा देते. मात्र मालकाला सारे दिसते, हे दोन्हीकडे सारखेच. साध्या मोबाइलवर इंटरनेट आणणारा ‘ऑपेरा मिनी’ हा ब्राउझर याचे बोलके उदाहरण होता. पाने आधी कंपनीच्या सर्व्हरवर येत, तेथे आक्रसली जात आणि मग मोबाइलवर उतरत. बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांचा मजकूरही त्या सर्व्हरवर उलगडला जाई. त्यामुळे पैसा आणि वेळ वाचला, हे खरेच; पण आपण प्रॉक्सी वापरत आहोत आणि मधल्या कंपनीवर मोठा विश्वास टाकत आहोत, याची कल्पना किती जणांना होती?

विश्वास कोणावर?

जुलै २००६ मध्ये मुंबईतील लोकल गाड्यांत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही मोजकी पाने रोखण्याचा आदेश केंद्राने दिला आणि इंटरनेट कंपन्यांनी ‘ब्लॉगस्पॉट’सारख्या अख्ख्या सेवाच बंद केल्या. तेव्हा आपल्याच नोंदी वाचण्यासाठी अनेक भारतीयांना प्रॉक्सीची पहिली ओळख झाली. गरज संपली तरी सवय राहिली. त्यातूनच पुढे व्हीपीएनचा बाजार फोफावला. तांत्रिकदृष्ट्या व्हीपीएन हा प्रॉक्सीचा थोरला भाऊ. साधा प्रॉक्सी बहुधा फक्त ब्राउझरची ये-जा सांभाळतो, तर व्हीपीएन संगणकाची किंवा मोबाइलची सारी वाहतूक कुलूपबंद करून आपल्या सर्व्हरपर्यंत नेतो. त्यामुळे सेवा पुरवठादार कंपनीला आत काय आहे ते दिसत नाही. पण त्या कंपनीला जे दिसत होते, ते आता व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसू लागते. एवढ्या मोठ्या विश्वासाला हे चालक पात्र आहेत काय? याबाबतचा पूर्वानुभव संमिश्र आहे.

ओळख लपवून देण्याचे आश्वासन आपल्या नावातच मिरवणाऱ्या ब्रिटनमधील एका सेवेने २०११ साली न्यायालयीन आदेशानंतर ग्राहकाच्या नोंदी तपास यंत्रणांच्या हवाली केल्या. सोनी पिक्चर्सच्या संकेतस्थळावरील हल्ल्यातील एक आरोपी त्यातून सापडला. त्या कंपनीने कायदा पाळला. चूक झाली ती नोंदी ठेवल्याच जात नसतील असे गृहीत धरणाऱ्याची. ‘होला’ या मोफत सेवेचे प्रकरण अधिक गंभीर होते. तिच्या वापरकर्त्यांचे संगणकच इतरांसाठी प्रॉक्सी म्हणून वापरले जात होते आणि त्यांची इंटरनेट जोडणी भगिनी कंपनीमार्फत विकली जात होती, हे २०१५ साली चव्हाट्यावर आले. फेसबुकने २०१३ साली विकत घेतलेले ‘ओनाव्हो’ हे अ‍ॅप माहितीचे रक्षण करण्याच्या नावाखाली खपवले गेले. प्रत्यक्षात लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात, ही माहिती त्यातून फेसबुकला मिळत होती. या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना एकूण दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. आम्ही कसल्याही नोंदी ठेवत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या हाँगकाँगमधील काही मोफत व्हीपीएन सेवांच्या नोंदी जुलै २०२० मध्ये इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आढळल्या. कुंपणच शेत खाते, याचे यापेक्षा ठळक दाखले सापडणे कठीण.

मे २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने उघडकीस आणलेले ‘९११ एस५’ हे प्रकरण तर थेट पुण्याच्या घटनेची आठवण करून देणारे आहे. काही मोफत व्हीपीएन अ‍ॅपमधून वापरकर्त्यांच्या संगणकांत घातक प्रणाली शिरवून ते गुन्हेगारांना प्रॉक्सी म्हणून भाड्याने दिले जात होते. सुमारे २०० देशांतील १ कोटी ९० लाख आयपी पत्ते या जाळ्यात अडकले होते, असे त्या विभागाने म्हटले आहे. म्हणजे फसवणूक कोणी तरी करणार आणि पत्ता निघणार तो फुकटचा पडदा ओढून घेतलेल्या भलत्याच गृहस्थाचा. ‘फुकट ते पौष्टिक’ ही समजूत येथे चांगलीच महागात पडू शकते.

याच्या उलट उदाहरणही आहे. स्वीडनमधील ‘मुलवाड’ या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन आले आणि रिकाम्या हाताने परतले. ग्राहकांच्या वापराच्या नोंदी कंपनी ठेवतच नसल्याने नेण्यासारखे काही नव्हते. जी नोंद अस्तित्वातच नाही, ती चोरीला जात नाही, विकली जात नाही आणि तिच्यामुळे चुकीचा माणूसही पकडला जात नाही.

पडद्याबाहेर उरणारे

चालक प्रामाणिक असला, तरी पडद्याला मर्यादा असतात. पत्ता झाकणारा वापरकर्ता त्याच वेळी स्वतःच्या नावाने ई-मेल खाते उघडून बसला असेल, तर प्रॉक्सीचा उपयोग शून्य. ब्राउझरमध्ये साठलेल्या कुकीज जुनी ओळख पटवून देतात. शिवाय पडद्याचा आकार, बसवलेले टंक, भाषा, घड्याळ अशा किरकोळ तपशिलांच्या एकत्रीकरणातूनही ब्राउझरचा ठसा तयार होतो. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली केलेल्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी ८३.६ टक्के ब्राउझरांचा ठसा एकमेवाद्वितीय निघाला होता. त्यासाठी आयपी पत्त्याची गरजच पडली नाही.

त्याहून बोलका धडा ऑगस्ट २००६ मधला. ‘एओएल’ या अमेरिकी कंपनीने साडेसहा लाखांहून अधिक ग्राहकांनी तीन महिन्यांत घेतलेले शोध संशोधनासाठी जाहीर केले. नावे काढून टाकली होती, प्रत्येकाला केवळ एक क्रमांक दिला होता. तरीही ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वार्ताहरांनी शोधलेल्या शब्दांवरूनच जॉर्जिया राज्यातील एका वृद्धेचा दरवाजा गाठला. आपले गाव, आपले आडनाव, आपली दुखणी यांविषयी माणूस जे विचारतो, तेच त्याचा पत्ता सांगते. प्रॉक्सी पाकिटावरचा पत्ता झाकतो. आतील पत्राचे हस्ताक्षर त्याला बदलता येत नाही.

एकाच मध्यस्थावर सारा विश्वास टाकण्याची ही अडचण तंत्रज्ञांनी ओळखली होती. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात जन्मलेल्या विचारातून ‘टॉर’ हे जाळे उभे राहिले. त्यात मागणी तीन टप्प्यांतून जाते. पहिल्याला मागणारा ठाऊक असतो, शेवटच्याला मागितलेले संकेतस्थळ; दोन्ही गोष्टी एकालाच कळत नाहीत. तरीही २००७ साली स्वीडनमधील एका सुरक्षातज्ज्ञाने असे शेवटचे टप्पे स्वतः चालवून अनेक देशांच्या दूतावासांच्या ई-मेल खात्यांचे परवलीचे शब्द मिळवले. त्यात भारतीय दूतावासांची खातीही होती. टॉर तुटले नव्हते. वापरणाऱ्यांनी मजकूर कुलूपबंद न करता पाठवला होता, एवढेच. गेल्या दशकात बहुसंख्य संकेतस्थळांनी ‘एचटीटीपीएस’चे कुलूप स्वीकारल्याने हा धोका बराच घटला आहे. आता बँकेचा परवलीचा शब्द मधल्या चालकाला सहसा वाचता येत नाही. परंतु कोण, केव्हा आणि कोणत्या संकेतस्थळावर गेला, हा तपशील व्हीपीएन चालकाला अद्यापही मिळू शकतो आणि अनेकदा तोच पुरेसा बोलका असतो.

सक्तीची नोंदवही

या पार्श्वभूमीवर भारतातील नियमांकडे पाहावे लागते. केंद्राच्या अखत्यारीतील ‘सर्ट-इन’ या संगणक सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निर्देश काढले. ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते, सेवा घेण्याचा हेतू असा तपशील व्हीपीएन कंपन्यांनी किमान पाच वर्षे, आणि ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही, जपून ठेवावा, असे त्यात म्हटले होते. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना यातून वगळण्यात आले. थोडी मुदतवाढ मिळून सप्टेंबर २०२२ अखेर ही तरतूद लागू झाली.

सरकारची बाजू दुर्लक्षिण्याजोगी नाही. ऑनलाइन फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला न्याय द्यायचा तर तपास अधिकाऱ्याला धागा लागतोच, आणि परदेशी प्रॉक्सीच्या भिंतीशी येऊन थांबलेला तपास ही काही कल्पित अडचण नाही. प्रश्न हेतूचा नसून परिणामाचा आहे. ‘एक्स्प्रेसव्हीपीएन’, ‘सर्फशार्क’, ‘नॉर्डव्हीपीएन’ अशा नामांकित कंपन्यांनी निर्देश पाळण्याऐवजी भारतातील आपले सर्व्हर हलवले. त्यांपैकी काहींनी सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये बसून भारतीय आयपी पत्ते देणे सुरू ठेवले. म्हणजे ग्राहक भारतीय, पत्ता भारतीय, पण यंत्र आणि नोंद भारतीय कायद्याच्या कक्षेबाहेर. तपास यंत्रणांच्या हाती यातून काय लागले, हे कोडेच आहे.

सराईत गुन्हेगार आपले खरे नाव-गाव देऊन व्हीपीएन विकत घेत नाही. तो ‘९११ एस५’सारख्या चोरबाजारातून दुसऱ्याचा पत्ता भाड्याने घेतो. पाच वर्षांच्या नोंदवहीत सापडणार तो कायदा पाळणारा नागरिक. शिवाय नोंद जितकी मोठी आणि जितकी जुनी, तितके तिच्या गळतीचे भय अधिक. प्रामाणिक सेवा दूर गेल्याने जी पोकळी निर्माण होते, ती मोफत अ‍ॅपनी भरली जाण्याचा धोकाही आहे. तसे झाले तर सरकारच्या नजरेपासून वाचू पाहणारा नागरिक आगीतून फुफाट्यात पडेल.

नोंदी असाव्यात की नसाव्यात, एवढ्यापुरता हा वाद मर्यादित ठेवणे म्हणूनच चूक ठरेल. पुट्टस्वामी निकालाने खासगीपणावरील बंधनासाठी कसोट्या घालून दिल्या आहेत. त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. सर्व ग्राहकांची माहिती, कोणावरही संशय नसताना, पाच वर्षे साठवणे हे प्रमाणाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार व्हायला हवा. ठरावीक संशयिताच्या नोंदी यापुढे जपून ठेवा, असा लेखी व कालबद्ध आदेश देण्याचा मार्ग तपासाची गरज भागवू शकतो. त्यासाठी साऱ्या शहराची वर्दी ठेवावी लागत नाही. संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायदा संमत केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांना जबाबदार धरणारा हा कायदा सरकारी यंत्रणांना मात्र अधिसूचनेद्वारे सूट देण्याची मुभा ठेवतो. नोंदवही राखणाऱ्यावर अंकुश आहे. ती उघडून पाहणाऱ्यावरचा अंकुश सैल आहे.

पुण्याच्या त्या प्रकरणात अभाव नोंदींचा नव्हता. नोंद होती, ती मागणारे होते, देणारेही होते. ती पडताळून पाहण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नव्हती आणि चुकीची किंमत भरली ती तिसऱ्याच माणसाने. प्रॉक्सी वापरणाऱ्या नागरिकाने आणि प्रॉक्सीवर नियम घालणाऱ्या सरकारने एकच गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. नागरिकाने पडदा निवडताना तो कोणाच्या मालकीचा आहे, कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे आणि त्याचा खर्च कोण उचलतो, हे विचारावे. उत्तर मिळत नसेल तर पडद्याविना राहणे अधिक शहाणपणाचे. सरकारने नोंदवही मागताना ती किती काळ राहील, कोणाच्या आदेशाने उघडेल आणि तिच्यातील चुकीबद्दल कोण उत्तर देईल, हे आधी सांगावे. ज्या दिवशी या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्यात स्पष्टपणे लिहिली जातील, त्या दिवशी सामान्य माणसाला प्रॉक्सीची गरज आजच्याइतकी भासणार नाही.